खिडकीच्या दोन्ही बाजू

दरवर्षी नोव्हेंबर महिना लागला, की बँकांच्या शाखांमध्ये वृद्धांची वर्दळ वाढते. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पासबुक, आधारकार्ड, निवृत्तिवेतनाचे कागद व चश्म्याचे घर. ही मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी आलेली असतात. आपण जिवंत आहोत, हे वर्षातून एकदा सिद्ध केल्याशिवाय त्यांचे निवृत्तिवेतन पुढे चालू राहत नाही. पूर्वी हे काम एका छापील नमुन्यावर, अधिकाऱ्यासमोर सही करून होत असे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा सुरू केली आणि तेव्हापासून हाच दाखला आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांच्या साहाय्याने संगणकावरून देता येऊ लागला. गावातल्या सेवा केंद्रातून किंवा घरबसल्याही दाखला पाठवता येत असल्यामुळे अनेकांची दगदग वाचली, यात शंका नाही.

परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा पुष्कळदा पुसट झालेल्या असतात. जन्मभर शेतात, गिरणीत किंवा चुलीपाशी राबलेल्या हातांची तर गोष्टच वेगळी. यंत्रावर बोट ठेवले जाते, यंत्र लाल दिवा दाखवते. पुन्हा ठेवले जाते, पुन्हा लाल दिवा. अशा वेळी खिडकीपलीकडचा कर्मचारी काय म्हणतो, यावर त्या माणसाचे पुढचे सारे अवलंबून असते. एक कर्मचारी म्हणतो, ‘‘आजोबा, यंत्र घेत नाही. आता सगळे ऑनलाइन झाले आहे. मुलाला घेऊन या.’’ दुसरा कर्मचारी बोट पुसायला सांगतो, दुसऱ्या हाताचे बोट ठेवून पाहतो, बुबुळाची प्रतिमा घेणारे यंत्र असल्यास ते पुढे करतो. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आहे, हे त्याला ठाऊक असते. यातले काहीच जमले नाही, तर कागदी नमुना अद्याप रद्द झालेला नाही, हेही तो जाणतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमनमार्फत घरपोच सेवा मिळू शकते, हे तो आपणहून सांगतो. दोन्ही खिडक्यांवर यंत्र तेच, नियम तेच. तरी एका खिडकीवरून माणूस दाखला देऊन परततो आणि दुसरीवरून रिकाम्या हाताने.

या दोन खिडक्यांमधले अंतर कसे कमी करायचे, हा डिजिटल समावेशनाच्या विषयाचा एक मोठा भाग आहे. संगणक, मोबाइल व इंटरनेट यांच्याद्वारे मिळणाऱ्या सेवा, माहिती आणि संधी समाजातील प्रत्येकाला, त्याचे वय, शिक्षण, उत्पन्न, भाषा किंवा शारीरिक स्थिती कशीही असली तरी, वापरता येणे म्हणजे डिजिटल समावेशन. ज्यांना त्या वापरता येतात आणि ज्यांना येत नाहीत, त्यांच्यातील अंतराला ‘डिजिटल दरी’ असे म्हटले जाते.

ही दरी आपल्या देशात किती रुंद आहे, याची कल्पना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीवरून येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या त्या पाहणीत, आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणारे पुरुष सुमारे ५७ टक्के होते, तर स्त्रिया केवळ ३३ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. त्यानंतर परिस्थिती बरीच बदलली आहे. परंतु ‘एकदा तरी वापरणे’ आणि ‘आपल्या कामासाठी आत्मविश्वासाने वापरणे’ यांत फार मोठा फरक आहे, हे विसरून चालत नाही.

दरी बुजवण्याचे प्रयत्न आपल्याकडे बऱ्याच आधी सुरू झाले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे या शतकाच्या आरंभापासून गावोगावच्या तरुणांनी संगणकाला हात लावला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात २००२ साली सुरू झालेल्या ‘अक्षय’ प्रकल्पाने प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणकसाक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण भागातील सहा कोटी लोकांसाठी डिजिटल साक्षरता अभियान हाती घेतले, ते मार्च २०२४ पर्यंत चालले. या सर्व प्रयत्नांचा रोख नागरिकाला शिकवण्यावर होता आणि तो योग्यच होता. मात्र नागरिक ज्या कार्यालयाच्या दारात येतो, त्या कार्यालयातील माणसांना काय ठाऊक असावे, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. अर्जदाराला संगणक येत नाही, ही त्रुटी चटकन दिसते. अर्जदाराला काय अडते हे कर्मचाऱ्याला कळत नाही, ही त्रुटी मात्र सहसा कोणाच्या नजरेस येत नाही.

कार्यालयांतून काही समजुती घट्ट बसलेल्या आढळतात. माणसाच्या हातात मोबाइल दिसला, की त्याला सर्व ऑनलाइन व्यवहार जमत असणार, ही त्यांपैकी पहिली. वास्तविक अनेक घरांत एकच मोबाइल चार जणांचा असतो आणि तो दिवसभर कमावत्या माणसाबरोबर बाहेर असतो. अर्ज भरताना येणारा एकवार वापराचा संकेतांक, म्हणजेच ओटीपी, आईच्या अर्जासाठी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर जातो. मुलगा कामात असतो, संकेतांकाची मुदत संपते आणि आईला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. कित्येकांचा आधारशी जोडलेला क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो. साधा, बटणांचा मोबाइल वापरणाऱ्यांची संख्याही आपल्या देशात लहान नाही. त्यांनाही पैसे पाठवता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सुविधा सुरू झाली. पण ती अस्तित्वात आहे हे खिडकीवरच्या माणसालाच माहीत नसेल, तर ती ग्राहकापर्यंत पोहोचणार कशी?

वय झालेल्यांनाच अडचण येते, ही दुसरी समजूत. तरुण मुले समाजमाध्यमांवर सराईतपणे वावरतात. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना छायाचित्र ठरावीक आकारात आणणे, प्रमाणपत्राची पीडीएफ तयार करणे, अशा पायऱ्यांवर त्यांतले पुष्कळ जण थबकतात. भाषेची अडचण तर वयाकडे पाहतच नाही. ‘सबमिट’, ‘व्हेरिफाय’, ‘सेशन एक्स्पायर्ड’ हे शब्द रोज पाहणाऱ्याला सोपे वाटतात. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबातील एखाद्या गृहिणीला बोलायला तीन भाषा येत असतील, तरी पडद्यावरचे इंग्रजी चौथेच असते.

२०२१ मध्ये करोना लसीकरणाच्या वेळी या साऱ्याचा अनुभव देशाने एकदम घेतला. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लस खुली झाली, तेव्हा प्रारंभी ‘कोविन’ संकेतस्थळावर नोंदणी करून वेळ ठरवणे आवश्यक होते. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आणि वेगवान बोटे होती, त्यांनी जागा पटकावल्या. शहरांतून माणसे खेड्यांतील केंद्रांवर जाऊ लागली आणि त्या खेड्यांतील लोक बघत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीचा मुद्दा उपस्थित करून या पद्धतीविषयी चिंता व्यक्त केली. पुढे केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करण्याची सोय झाली, तेव्हा आरोग्य कर्मचारी आणि आशा सेविका यांनी लोकांची नावे स्वतः नोंदवून घेतली. संकेतस्थळाने जे दार अरुंद केले होते, ते माणसांनी रुंद केले.

दृष्टिहीन व्यक्तींच्या संदर्भात कर्मचाऱ्यांचे अज्ञान अधिक नुकसान करते; कारण ते बहुधा चांगल्या हेतूच्या आड लपलेले असते. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो, हेच अनेकांना नवल वाटते. स्क्रीन रीडर ही प्रणाली पडद्यावरील मजकूर वाचून ऐकवते आणि वापरणारा माऊसऐवजी केवळ कळफलकाने काम करतो. ‘एनव्हीडीए’ नावाची अशी एक प्रणाली २००६ सालापासून विकसित होत आहे. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. म्हणजे साधन उपलब्ध आहे, माणूस शिकलेला आहे. मग अडते कुठे? अडते ते कार्यालयाने तयार केलेल्या मजकुरात.

हे कसे घडते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. कार्यालयात परिपत्रक संगणकावर टंकित होते, त्याची छापील प्रत काढली जाते, साहेबांची सही व शिक्का होतो आणि मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकला जातो. डोळ्यांना तो मजकूर दिसतो. पण संगणकाच्या दृष्टीने ते एक चित्र असते. त्यात अक्षरे नसतातच. स्क्रीन रीडर त्या पानावर येतो आणि गप्प बसतो. तोच मजकूर मूळ फाईलसह दिला, तर अडचण दूर होते. त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे ज्या संगणकीय लिप्या वापरल्या जात, त्यांतील अनेकींमध्ये युक्ती अशी होती, की संगणकात साठवले जाई ते इंग्रजी अक्षराचे स्थान आणि त्यावर चढवला जाई देवनागरीचा वेश. त्या लिपीचा फाँट संगणकात असेपर्यंत ‘क’ हा ‘क’ दिसतो. फाँट काढून घेतला, की रोमन अक्षरे व चिन्हांचा कालवा उरतो. स्क्रीन रीडर वेश पाहत नाही, साठवलेले अक्षर वाचतो. त्यामुळे अशा फाँटमध्ये टंकित केलेली सुंदर मराठी सूचना त्याला निरर्थक आवाजांच्या मालिकेसारखी वाचावी लागते. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा, जगभर एकच असा क्रमांक आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान मिळाले आहे, भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलकही आहे. तरीही जुन्या सवयीमुळे काही टेबलांवर जुने फाँट टिकून राहिले. टंकलेखकाने मजकूर युनिकोडमध्ये टंकित केला, तर शेकडो वाचकांसाठी ती सूचना बोलकी होते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सांगितल्यावर बहुतेक जण ते आनंदाने करतात.

चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारी चाचणी, नाव न दिलेली बटणे, ‘लाल रंगातील रकाने भरणे आवश्यक’ अशा सूचना, दहा मिनिटांत आपोआप मिटणारे पान. या सर्वांमागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. लाल आणि हिरवा रंग वेगळा न दिसणारा अर्जदार, किंवा थरथरत्या हाताने सावकाश लिहिणारा अर्जदार, पान तयार करणाऱ्याच्या मनात आलेलाच नसतो, इतकेच.

तो मनात यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, असे त्याच्या ४२व्या कलमात म्हटले आहे, तर पंचायत सदस्य, प्रशासक, पोलीस अधिकारी, न्यायाधीश इत्यादींच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा समावेश असावा, असे ४७वे कलम सांगते. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे त्याहूनही आधी, २००९ मध्ये आली होती. तथापि ‘मार्गदर्शक’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ‘सवडीने पाहू’ असा घेतला जातो. म्हणूनच ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक निकष ठरवले पाहिजेत. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांची तक्रार होती. बँकेच्या ग्राहक-ओळखीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडायला सांगितले जाई आणि ज्यांच्या डोळ्यांना इजा झाली आहे, त्यांना ते करता येत नव्हते. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून पापणी लवणे हीच एक खूण का मानावी, हा प्रश्न यंत्रणा उभारताना कोणाला पडला नव्हता. न्यायालयाने पर्यायी पद्धती उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले.

आतापर्यंत खिडकीबाहेरच्या माणसाचा विचार झाला. खिडकीच्या आतही दरी असते आणि तिच्याविषयी सहसा बोलले जात नाही. कार्यालय म्हणजे केवळ संगणकासमोर बसलेले लोक नव्हेत. शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार, पहारेकरी, मदतनीस हेही कर्मचारीच आहेत. अलीकडे हजेरी मोबाइलवर, रजेचा अर्ज संकेतस्थळावर आणि पगारपत्रकही तेथेच, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी झाली आहे. ज्याला ती वापरता येत नाही, तो शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला विनवतो. काही महिन्यांत त्याचा पासवर्ड अर्ध्या कार्यालयाला पाठ होतो. पगारातून कपात का झाली, हे त्याला दुसऱ्याकडून कळते. कधी कळतही नाही. विचारायला संकोच वाटतो, कारण विचारणे म्हणजे आपले अज्ञान चारचौघांत उघडे करणे. वरिष्ठ अधिकारीही या संकोचातून सुटलेले नसतात. त्यांच्या वतीने संगणक चालवणारा साहाय्यक हाताशी असतो, एवढाच फरक.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. बालकांची वजने, उंची, आहार यांच्या नोंदी सेविका वर्षानुवर्षे जाडजूड रजिस्टरांत चोखपणे ठेवत आल्या होत्या. या नोंदी मोबाइलवरील उपयोजनात भरण्याची पद्धत आली. २०२१ मध्ये सेविकांनी मोठ्या संख्येने आपले मोबाइल संच शासनाला परत केले. संच कमी क्षमतेचे असून सारखे बंद पडतात, आणि ‘पोषण ट्रॅकर’ या नव्या उपयोजनात माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांना तंत्रज्ञान नको होते, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे ठरेल. ज्या भाषेत त्या मातांशी बोलतात, त्या भाषेत नोंद करता यावी आणि हातातले साधन कामाला पुरे पडावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. डिजिटल समावेशनाची याहून नेमकी मागणी सापडणे कठीण आहे.

मग कर्मचाऱ्यांमध्ये ही जाणीव कशी निर्माण करावी? सभागृहात सर्वांना बसवून भाषण देणे, हा नेहमीचा मार्ग आहे आणि त्याचा परिणाम चहाबरोबर संपतो. त्यापेक्षा आपल्याच कार्यालयाचा अर्ज कर्मचाऱ्याने स्वतः भरून पाहणे अधिक उपयोगी पडते. मात्र तो कार्यालयाच्या मोठ्या पडद्यावर भरू नये. स्वस्त मोबाइल घ्यावा, संथ नेटवर्क असलेल्या जागी बसावे आणि घड्याळ लावावे. पुढे माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाच्या टॅब कळीने अर्जाच्या शेवटापर्यंत पोहोचता येते का, ते पाहावे. त्यानंतर पडदा झाकून स्क्रीन रीडर सुरू करावा. ‘बटण... बटण... चित्र...’ एवढेच शब्द कानांवर पडले, की आपले संकेतस्थळ दुसऱ्याला कसे भेटते, हे कोणत्याही व्याख्यानाशिवाय समजते. अर्थात पाच मिनिटे डोळे झाकल्याने दृष्टिहीनांचे जग कळते, असा भ्रम मात्र होऊ देऊ नये. सराईत दृष्टिहीन वापरकर्ता अशा नवशिक्यापेक्षा कितीतरी चपळ असतो. म्हणून शक्य तेथे अशा व्यक्तीलाच बोलावून तिच्या शेजारी शांतपणे बसावे आणि ती कोठे थांबते तेवढे टिपावे.

मदत करण्याचेही एक शास्त्र आहे. घाईच्या वेळी कर्मचारी अर्जदाराच्या हातातून मोबाइल घेतो आणि भराभर काम उरकून देतो. काम होते, पण अर्जदार पुढच्या वेळी पुन्हा तेथेच उभा असतो. शिवाय आपला ओटीपी अनोळखी माणसाला सांगण्याची सवय त्याला सरकारी खिडकीवरच लागते आणि तीच सवय पुढे एखाद्या भामट्याच्या उपयोगी पडते. म्हणून मोबाइल अर्जदाराच्याच हातात ठेवावा, बोट त्याचेच असावे, आपण फक्त दाखवावे. याला दुप्पट वेळ लागतो, हे खरे. तो वेळ कामाचा भाग म्हणून वरिष्ठांनी मान्य करायला हवा. एकीकडे रांग लवकर संपवण्याचा तगादा आणि दुसरीकडे समावेशनाचे फलक, अशी विसंगती असेल, तर कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कार्यालयात दररोज किती अर्ज ऑनलाइन भरले गेले, याचा आकडा संगणक आपोआप देतो. जे अर्ज भरलेच गेले नाहीत, त्यांचा आकडा तो देऊ शकत नाही. यंत्राने बोट घेतले नाही, ओटीपी आला नाही, भाषा कळली नाही म्हणून जे परत गेले, ते कोणत्याच अहवालात नसतात. त्यांच्यासाठी खिडकीवर एक साधी वही पुरेशी आहे. तारीख, काम कोणते होते, कोठे अडले आणि पुढे काय केले, एवढे चार रकाने आखावेत. नाव लिहिण्याचे कारण नाही. महिन्याअखेरीस ती वही सर्वांसमोर वाचावी. एकाच अडचणीची नोंद दहा वेळा आढळली, तर ती अडचण त्या दहा जणांची राहत नाही. ती संकेतस्थळ सांभाळणाऱ्या विभागाकडे, वहीच्या पानाच्या प्रतीसह, लेखी पाठवावी लागते.